अडवलेला माल

"आणि तां माका कळतलां कसां?"

हा प्रश्न विचारताना सर चष्मा कपाळावर ढकलायचे आणि दोन बोटं टेबलावर टेकवायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. मग गप्प बसायचे. समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत ती बोटं हलायची नाहीत. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील, जी प्रश्न विचारून थांबू शकतात. मी तरी एकच बघितला.

कसालचा बाजार मागे टाकला की हायवेला लागून आमची काजू फॅक्टरी. सर तिथल्या गुणवत्ता विभागाचे प्रमुख. विभाग हे नाव मोठं, माणसं तीन. सर, रोझी आणि मी. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. आमच्या वाडीत पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी मुद्दाम सांगते. माझं प्रमाणपत्र घरात गणपतीच्या फोटोशेजारी लावलेलं आहे. पाहुणे आले की बाबा आधी ते दाखवतात, मग पाणी विचारतात. रोझी मालवणकडची. तिची मावशी गोव्याच्या एका हॉटेलात कामाला, आणि तिची आई दर महिन्याला म्हणायची, "थंय जा, हडे काय ठेवलांसा?"

आमचं काम सांगायला सोपं. भाजून, फोडून, सोलून काजूगर आमच्याकडे यायचा. ओलसर असेल, साल राहिली असेल, किडीचं भोक असेल, करपला असेल, तर आम्ही त्या मालावर लाल कार्ड लावायचो. लाल कार्ड म्हणजे माल अडवलेला. ते निघाल्याशिवाय पॅकिंगला जायचा नाही. फॅक्टरीत आम्हा तिघांवर प्रेम करणारं फारसं कुणी नव्हतं, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

दर वर्षी विभागाची ध्येयं लिहून द्यावी लागायची. माझ्या पहिल्या वर्षी सरांनी आम्हा दोघींना कोरा कागद दिला. रोझीने सुंदर अक्षरात लिहिलं, 'मालाचा दर्जा सुधारणे.' मी लिहिलं, 'स्वच्छतेकडे विशेष लक्ष देणे.' कॉलेजात असल्या वाक्यांना मार्क मिळायचे.

सरांनी दोन्ही कागद वाचले. चष्मा वर गेला. बोटं टेकली.

"दर्जो सुधारलो. बरां. आणि तां माका कळतलां कसां?"

"दिसेल ना सर," रोझी म्हणाली.

"कोणाक? तुका दिसतलो, पॅकिंगवाल्याक दिसाचो नाय. मगे दोगांनी काय, कुस्ती खेळूची?"

मी म्हटलं, "सर, लक्ष देणं कसं मोजणार?"

"नाय मोजूक येणां तर लिवलंस कित्याक? साल लागलेले गर शंभरात किती, तां मोजूक येतां. ते कधीपर्यंत कितके कमी करतलंस तां लिव. कोण बघतलां तां लिव. मगे वर्सान माका विचारूक येतलां, झालां की नाय झालां. एकच उत्तर. डावां नायतर उजवां."

डावं-उजवं कुठून आलं, ते त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. वालावलच्या पुढे खाडीकाठच्या एका गावात त्यांचं घर. घराणं गुरवाचं. ग्रामदेवतेला कौल लावण्याचं काम त्यांच्या वडिलांकडे होतं. देवाच्या पाषाणाला ओली फुलं चिकटवायची, काही उजव्या अंगाला, काही डाव्या. प्रश्न विचारायचा. उजवं फूल पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. एकदा एक गावकरी आला आणि म्हणाला, देवा, माझां बरां होयत काय? सरांच्या वडिलांनी फुलं हातातच ठेवली. म्हणाले, "देव काय तुझो मामा आसा, खुशाली सांगूक? नीट विचार. हरवलेलो बैल गावतलो काय? आठवड्यात गावतलो काय? देवाक होय नायतर नाय म्हणाक येयत असो प्रश्न हाड."

"बापाशीन माका शिकवलां तां हेच," सर म्हणाले. "प्रश्न सैल असलो तर देवपण गप बसता. मगे आपलो शेठ काय बोलतलो?"

त्यांच्या या मोजण्याला सुट्टी नसायची. एकदा रोझीने रजा मागितली, आईला बरं नाही म्हणून. सर सवयीने म्हणाले, "बरां नाय म्हणजे? ताप कितको?" रोझी भडकली. "सायबा! ती माझी आवय, लॉट न्हय!" सर इतके ओशाळले, की चष्मा वरचा खाली करायचंही विसरले. दुसऱ्या दिवशी रोझीच्या टेबलावर पिशवी होती. आत त्यांच्या माडाची शहाळी आणि नवा थर्मामीटर. "शहाळी आवशीक," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि ताप मोजून माका फोन कर."

फॅक्टरीचा कारभार मोठ्या शेठकडून धाकट्या शेठकडे आला, तेव्हा हे सगळं बदललं. धाकटे शेठ पुण्यात शिकलेले, बोलायला गोड. वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. त्यांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. आमच्या विभागाची ध्येयं या वेळी त्यांनी स्वतः लिहिली होती. दोनच. गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल, शून्य. आणि आपण अडवलेला माल, वर्षभरात निम्मा.

केबिनमध्ये सर प्रमाण मराठीत बोलायचे. शर्टाची वरची गुंडी लावल्यासारखे.

"साहेब, अडवलेला माल कमी करायला दोन वाटा आहेत. खराब माल बनू द्यायचा नाही, ही एक. आपण डोळे मिटायचे, ही दुसरी. आकडा दोन्हींचा सारखाच दिसतो."

"वाट तुम्ही निवडा सर. मला आकडा द्या."

"माल बनतो ड्रायरवर आणि सोलण्याच्या टेबलावर. ते दोन्ही माझ्या हाताखाली नाहीत. पावसाळ्यात बी मुळातच ओली येते. जे माझ्या हातात नाही, त्याचं ध्येय मी कसं घेऊ?"

धाकटे शेठ हसले. "सर, ध्येय मोजता आलं पाहिजे, हे या फॅक्टरीला तुम्हीच शिकवलंत. याच्याहून मोजता येणारं काय देऊ?"

सरांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला.

मग शेठ आमच्याकडे वळले. "या दोघींना कायम करायचं माझ्या मनात आहे. ध्येयावर विभागप्रमुखाची सही झाली, की त्याच बैठकीत यांच्या ऑर्डरी काढतो. नाहीतर मी मोठ्या शेठना काय दाखवून मागू?"

आम्ही दोघी तेव्हा कंत्राटावर होतो. दर अकरा महिन्यांनी नवा कागद. बाबांनी वाडीत सांगून ठेवलं होतं की पोरगी साहेबीण झाली; साहेबीण दर नव्या कागदासाठी हात जोडून उभी राहते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. रोझीकडे बघायची माझी छाती झाली नाही. सरांकडेही.

सही केली तर ध्येय फसल्याचा ठपका सरांवर, नाहीतर खराब माल सरांच्या नावाने बाहेर. नाही केली तर आम्ही टांगलेल्या. नोकरी सोडावी, तर पन्नाशी उलटलेल्या माणसाला इथे कोण घेणार? आंबा कॅनिंगवाले ठेवतात, तेही हंगामापुरते.

शनिवारी सुटताना सर म्हणाले, "उद्या सकाळी आमच्या देवळात येशीत? साक्षीक कोणतरी होयो."

मी गेले. देवळात त्यांचे थोरले भाऊ होते. वडिलांमागे कौलाचं काम त्यांच्याकडे आलेलं. त्यांनी पाषाणाला पाणी घातलं, फुलं चिकटवली आणि म्हणाले, "हां, बोल."

सर हात जोडून उभे राहिले. मग म्हणाले, "म्हाराजा, ह्या सगळ्यातसून सगळ्यांचां बरां होवंदे..."

"असो प्रश्न बापाशीन घेतलो नसतो," भाऊ म्हणाले. "नीट विचार."

"सही केलंय तर ही चेडवां कायम होतली, पण माल..."

"हे दोन झाले. एक विचार."

आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रश्न घट्ट करून दिलेला माणूस स्वतःचा प्रश्न हातात धरू शकत नव्हता. शेवटी एवढंच म्हणाले, "सही करू काय?"

आम्ही फुलांकडे बघत राहिलो. एकही पडेना. सर हळूच म्हणाले, "दादा, पंखो चालू आसा?" भाऊ म्हणाले, "देवळात पंखो खंयचो रे?" 

तेवढ्यात शेजारच्या वाडीतला एक म्हातारा आला. त्याला विहीर खणायची होती, शेतातल्या मांगरामागे खणू का, असा त्याचा प्रश्न. भावांनी सरांना जरा बाजूला बसवलं, फुलं नव्याने लावली. म्हाताऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवं फूल टपकन खाली. म्हातारा खूश होऊन नारळ ठेवून गेला. पुन्हा सरांचा प्रश्न, पुन्हा नवी फुलं. ती चिकटली ती चिकटलीच. दुपार झाली. भाऊ उठले. "देव बोलणां नाय. चला, जेवान घेवा."

खाडीच्या कडेने बसच्या थांब्यापर्यंत सर मला सोडायला आले. पाणी ओहोटीचं, होड्या चिखलात रुतलेल्या. ते म्हणाले, "मी अडाकलंय, पण माका वाटलां, देव तरी सुटो आसतलो."

सोमवारी त्यांनी सही केली. आमच्या ऑर्डरी निघाल्या. बाबांनी वाडीत पेढे वाटले, रोझीच्या आईने मावशीला फोन करून कळवलं, आता रोझी गोव्याला यायची नाही. मला आनंद झाला. झाला नाही असं म्हणणं खोटं होईल.

आता सर दुसरी वाट घेतील असं फॅक्टरीत सगळ्यांना वाटत होतं. लाल कार्डं हळूहळू कपाटात जातील. सरांनी घेतली पहिली. ड्रायर त्यांच्या हाताखाली नव्हता, म्हणून ते ड्रायरवाल्यांच्या शेजारी जाऊन बसायला लागले. त्यांच्यासाठी चहा न्यायचे. "रे, वायच उशिरान काढ रे. माझ्यासाठी." ज्यांना आकड्याशिवाय बोलू द्यायचे नाहीत, त्यांना आता नुसत्या विनवण्या. सोलणाऱ्या बायांच्या टेबलांमधून फिरायचे, कुणाच्या खिडकीतून पावसाचं पाणी येतंय ते बघायचे, स्वतः पोतं लावायचे. त्या गरम खोलीत दिवस काढून त्यांना खोकला जडला. रोझी म्हणायची, "सर, तुमचां काम थंय न्हय." ते म्हणायचे, "सही माझी आसा मगो."

आणि ऐका, आकडा गाठला. एकही खराब पोतं न सोडता अडवलेला माल निम्म्याच्या खाली आला. परत आलेला माल शून्य. धाकट्या शेठनी केबिनमध्ये टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षीचं ध्येय मग त्याच्याही निम्मं. सर पुन्हा ड्रायरकडे. तेही जवळजवळ गाठलं.

मग एक दिवस शेठनी सरांना एकट्याला बोलावलं. सर बाहेर आले आणि आपल्या खुर्चीत न बसता स्टुलावर बसले.

"काय झालं सर?"

"शेठ म्हणतत, माल आता अडनाच नाय. मगे अडवूक प्रमुख कशाक होयो? दोन चेडवां आसत, कायम आसत, तीच बघतली." त्यांना खोकला आला, तो थांबल्यावर म्हणाले, "हिशोबात चूक नाय गो. मी बघितलंय."

"तुम्ही काही बोलला नाहीत?" रोझी रडायच्या बेतात होती.

"काय बोलू? मोजून दाखव म्हणतले. जो माल खराब झालोच नाय, तो मोजून कसो दाखवू?"



महिनाअखेरीला त्यांचा शेवटचा दिवस होता. निरोपाला कुणी थांबेल असं नव्हतं. सोलणाऱ्या बायांना किलोवर मजुरी, मान वर केली तरी नुकसान. रोझी गोदामात नमुने काढत होती. मी ओलावा मोजायच्या यंत्रापाशी होते, झाकण नुकतंच लावलेलं. ते मध्ये उघडलं की आकडा खोटा येतो, आणि बाहेर माझ्या सहीसाठी ट्रक उभा होता.

सर दारात आले. यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हातानेच म्हणाले, राहूदे.

मी काचेतून बघत होते. गेटवर पहारेकरी प्रत्येकाची पिशवी तपासतो, काजूची फॅक्टरी आहे. सरांना बघून तो मागे सरला. "सर, तुमची नको." सरांनी पिशवी त्याच्यासमोर उघडून धरली. तो बघेना, तरी धरून राहिले. शेवटी त्याने मान खाली घालून आत बघितलं. जेवणाचा डबा होता. मग सर गेटबाहेर गेले आणि ट्रकच्या पलीकडे दिसेनासे झाले. बसचा थांबा त्याच बाजूला.

यंत्र चालूच होतं. पलीकडे एक बस थांबल्याचा आवाज आला, मग निघाल्याचा.

आकडा आला. माल चांगला होता. मी बाहेर जाऊन सही केली. ड्रायव्हरने ट्रक काढला, आणि त्याच्या मागचा सगळा रस्ता, बसच्या थांब्यापर्यंत मोकळा, मला एकदम दिसला.