फळीवरचा ठक्

पिस्तुलाची नळी सुटी करून फौजी काका ती आभाळाकडे धरायचे आणि एक डोळा मिटून आत बघत राहायचे. मग ती तुमच्या हातात द्यायचे. "बघा. वळत गेलेले आटे दिसत्यात का?" पहिल्या दिवशी मला डोंबलाचं काही दिसलं नव्हतं, तरी मी ठोकून दिलं, "दिसले." त्यांनी शांतपणे विचारलं, "किती?" मी परत नळीला डोळा लावला. "सहा हायेत," ते म्हणाले, "उद्या मोजून सांगा."

केजच्या बाहेर, दगड काढून संपलेल्या एका खाणीत आमच्या नेमबाजी क्लबची रेंज आहे. तिथल्या पिस्तुलांची देखभाल काकांकडे. लष्कराच्या कार्यशाळेत हत्यारं दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊन ते युसूफ वडगावला घरी आले आणि केजच्या स्टँडमागे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. सकाळी रेंज, दिवसभर दुकान. मी एका कचेरीत कंत्राटावर टायपिंग करायचे आणि सुट्टी मिळेल तेव्हा नेम धरायचे.

बीड जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना पिस्तूल म्हणजे कमरेला खोचायची वस्तू वाटते. त्यांचा तरी काय दोष म्हणा, हळदीत पिस्तूल दाखवत फोटो काढणारे महाभाग आमच्याकडे आहेतच. दिंद्रुडकडचे असेच एक पुढारी चार माणसं घेऊन रेंजवर आले.

"फौजी, लई जोराची गोळी कोनती ते सांगा."

"जोर कशाला पायजे, मालक?"

"समोरच्याला धाक बसला पायजे ना!"

"मग फटाके घ्या. त्याला परवाना पन लागत न्हाई."

बरोबरची माणसं हसली आणि मालकांच्या तोंडाकडे बघून गप्प झाली. काका नळी पुसत राहिले.

खेळाच्या पिस्तुलाला जोर लागतच नाही, हे त्यांनीच मला समजावलं. गोळी नळीपेक्षा केसभर जाड असते. ती आट्यांत रुतून गरगर फिरत बाहेर पडते, आणि फिरते म्हणून सरळ जाते. मी विचारलं, "मग रुतल्यामुळं वेग कमी होत नाही का?" "होतो की थोडा. सरळ जायचं तर तेवढं द्यावं लागतं," ते म्हणाले. "आन लई पळवली तर शिसं आट्यात धरत न्हाई, घसरतं. वेग किती ते सोडा. धाच्या धा गोळ्या सारख्या पळाल्या पायजेत." एक गोळी जलद आणि दुसरी हळू गेली की पन्नास मीटरवर एक वर लागते, एक खाली. नेम धरणारा मात्र आपलाच हात हलला म्हणून कपाळ बडवतो.

प्रत्येक नळीला कुठली गोळी मानवते हे बघायची साधी रीत म्हणजे पिस्तूल शिकंज्यात आवळायचं, दहा गोळ्या झाडायच्या आणि कागदावरची भोकं बघायची. पण आम्हाला गोळ्या मोजून मिळतात. म्हणून काकांनी कानाची रीत काढली होती. निशाणामागे लाकडी फळी असते. ते डोळे मिटून बसायचे. बार झाला की फळीवर ठक् वाजायचं. ह्या दोन आवाजांतलं अंतर ऐकून ते सांगायचे, "ही हळू गेली." एकदा संभाजीनगरहून आलेल्या प्रशिक्षकांनी वेग मोजायचं यंत्र लावून त्यांची परीक्षा घेतली. यंत्र आणि काका, दोघांचं एकच म्हणणं निघालं. काकांनी यंत्राकडे असं काही बघितलं की जणू पोरगं पास झालं.

पुढे पुढे ते हाक मारल्यावर वळेनासे झाले. विचारलं एक की उत्तर भलतंच. वर म्हणायचे, "वाऱ्याचा आवाज लई हाय आज." पान हलत नसायचं, तरी यांचा वारा सुरूच. मी एकदा मुद्दाम त्यांच्या पाठीमागे उभी राहून काडतुसांचा रिकामा डबा आपटला. ते वळले नाहीत. मला कळायचं ते कळलं. ज्या माणसाची सगळी इज्जत कानात, त्याला कोण सांगणार? मीही नाही सांगितलं. अशी दोन वर्षं गेली.

राज्य स्पर्धेचं ते माझं शेवटचं वर्ष. पहिल्या तिघांत आले असते तर खेळाडूंच्या राखीव जागेतून कायमच्या नोकरीला अर्ज करता आला असता. त्यानंतर वयाची अट आडवी येणार होती. स्पर्धेच्या दोन दिवस आधी दोन वेगळ्या डब्यांतून गोळ्या आल्या. दहा-दहा उडवून बघण्याइतक्या नव्हत्याच. काका म्हणाले, "तीन-तीन मारा. मी ऐकतो."

मी मारल्या. दुसऱ्या डब्यातल्या गोळ्यांचा धक्का मनगटाला सारखा लागला नाही. एक जड, एक हलका. काकांनी डोळे उघडले आणि त्याच डब्यावर हात ठेवला. "ह्या घ्या. लई सारख्या हायेत." क्लबचे सगळे भोवती उभे होते. मी डबा पिशवीत टाकला.

मी चौथी आले, दोन गुणांनी.

परतताना एसटीत मला काकांचा इतका संताप आला होता की केजला उतरल्यावर दुकानासमोरून न जाता मी लांबचा रस्ता धरला. दुसऱ्या दिवशी तेच रेंजवर वाट बघत उभे.

"काय झालं?"

"हात हलला, काका."

हे त्यांना नीट ऐकू आलं, कारण मी तोंडासमोर बोलले होते. "तुझा हात हालत न्हाई," ते म्हणाले. मला ते कायम अहोजाहो करायचे. अरेतुरेवर आले ते त्याच दिवशी. त्यांनी पिस्तूल शिकंज्यात आवळलं, उरलेल्या गोळ्या झाडल्या आणि स्वतः चालत जाऊन कागद घेऊन आले. भोकं एकाखाली एक, उभ्या रेघेत. काकांनी कागद घडी करून खिशात घातला आणि ते निघून गेले.

त्यानंतर ते रेंजवर आले नाहीत. मी दुकानावर गेले की ते चहा पाजायचे, मोटारींचं बोलायचे. मला वाटलं, माझ्यावर राग धरलाय. मलाही राग होताच, मग मीही जाणं कमी केलं. उन्हाळ्यात ते छातीत कळ येऊन गेले.

महिन्याभराने काकू एक पाकीट घेऊन माझ्या कचेरीत आल्या. "त्यांच्या कागदात घावलं. तुझं नाव हाय म्हनून आनलं."

आत काकांनी राज्य नेमबाजी संघटनेला केलेल्या अर्जाची प्रत होती. मोटारीच्या पावत्या लिहिणारं ते गिचमिड अक्षर, पण एक-एक शब्द सावकाश काढलेला. विषय : खेळाडूस पुन्हा संधी मिळणेबाबत. खाली लिहिलं होतं, 'गोळ्या मी निवडल्या. मला दोन वर्षांपासून फळीवरचा आवाज ऐकू येत नाही. हे मी सर्वांपासून लपविले. चूक गोळीची असून गोळी माझी आहे. पुरावा म्हणून निशाणाचा कागद जोडला आहे.' सोबत संघटनेचं दोन ओळींचं उत्तर होतं, नियमात तशी तरतूद नाही म्हणून.

"मला बी ह्यातूनच कळलं," काकू म्हणाल्या. "घरात टीव्ही मोठा लावायचे, मी रोज भांडायचे. कावून लपवलं असंल गं?"

माझे डोळे अर्जाच्या शेवटच्या ओळीवर होते. 'सदर खेळाडूस याची काहीही कल्पना नव्हती.'

मला होती. पुरती दोन वर्षं होती. एवढं त्यांना सांगायचं राहिलं, आणि समोर बसलेल्या काकूंनाही मी ते सांगू शकले नाही.