पाठीवरचा जाळ

अमळनेरची ती बाई मी विसरलेलो नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही.

साठचं दशक संपत आलं होतं. मी तिथे फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना पेठेतले एक वयस्कर वैद्य ठाण्यात आले. चुन्याची निवळी आणि खोबरेल घोटून ते पोळल्यावर लावत; गावात त्यांना मान होता. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"साहेब, माझ्या गल्लीत एक सून जळाली आहे. कालपासून मला लेप लावायला बोलावतात. माझं औषध पोळलेल्या हाताला चालतं. हिची अख्खी पाठ गेली आहे. दवाखान्यात न्या म्हटलं, तर नवरा म्हणतो, देशी उपायच बरा."

"नाना, तुम्ही शेजारी. तक्रारीत तुमचं नाव येईल."

"येऊ द्या. ती गेली तर माझ्या लेपानं गेली म्हणायला ते मोकळे!"

मी जमादाराला घेऊन तसाच निघालो. माजघरात केळीच्या पानांवर ती पालथी पडली होती. पंचविशीची असेल. ओठ सुकलेले, पण डोळे टक्क उघडे. सासू दारात आडवी उभी राहिली. "चहा करताना स्टोव्ह भडकला. दवाखाना कशाला?" मी तिला बाजूला केलं आणि सुनेला जीपमधून धुळ्याला सरकारी दवाखान्यात हलवलं.

तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाले, "लेप स्वच्छ होता, जखमेत घाण गेली नाही. पण अशा भाजण्यात अंगातलं पाणी आटतं, त्यानंच माणूस आधी जातो. त्यातून वाचली तर जखम पिकण्याची भीती."

मृत्युपूर्व जबानीसाठी दंडाधिकारी आले. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "बाई, शुद्धीवर आहात का?"

"मी जित्ती शे, साहेब," ती पडल्या पडल्या म्हणाली. "बठ्ठं सांगस. पण मरेलना कागद लिखू नका."

सगळं सांगते, पण मेलेलीचा कागद नको, असं ती बजावत होती. मग तिने सांगितलं. नवऱ्याला दुसरं लग्न करायचं होतं, त्यासाठी सोडचिठ्ठीच्या कागदावर अंगठा द्यायला तिने नकार दिला होता. ती धान्य निवडत बसली असताना मागून रॉकेल पडलं; वळून पाहिलं तेव्हा सासू आणि नवरा दोघं मागे होते.

पंचनाम्यात स्टोव्ह शाबूत निघाला. मी तो नवऱ्यासमोर ठेवला.

"चहा कसा करत होती, बसून दाखव."

तो स्टोव्हकडे तोंड करून बसला.

"आता पाठ कशी पेटली ते दाखव."

तो मान वळवायला गेला आणि तसाच थांबला. शेवटी म्हणाला, "आईने ओतलं, काडी मी लावली."

पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. जबानीचा कागद होता, पण उलटतपासणीत केस टिकायची तर ती जगायला हवी होती. गावातले एक वजनदार आबा ठाण्यात येऊन म्हणाले, "घरातली गोष्ट घरात मिटवा. तशीही ती वाचत नाही." मी म्हणालो, "आबा, हे तिच्या खाटेशी जाऊन तिला सांगा." ते गेले नाहीत.

पट्टी बदलताना तिचं ओरडणं व्हरांड्यात ऐकू येई. पट्टी झाली की ती परिचारिकेकडे भाकरी मागे.

ती वाचली आणि धुळ्यातच राहिली; पुढे खटल्यात तिथून एसटीने साक्षीला आली, एकटी. आरोपींचे वकील म्हणाले, "हे सगळं तुला पोलिसांनी शिकवलं." ती म्हणाली, "जळनू मी. त्यास्ले काय माहीत?" दोघांनाही शिक्षा झाली.

नोकरीत त्यानंतर जळालेल्या कितीतरी बायका पाहिल्या. खाटेशी उभं राहून "आता काय उरलंय" म्हणणाऱ्या नातलगाला मी आधी बाहेर काढत असे. जीव जाईपर्यंत ते माणूस आपलं म्हणणं मांडू शकतं; ते ऐकून न घेणं हा मला त्या जाळाइतकाच गुन्हा वाटतो.

काही वर्षांनी माझी बदली धुळ्याला झाली. एके दिवशी अमळनेरची ती बाई ठाण्यात आली, मानेवरचे वण पदराने न झाकता. सोबत एक घाबरलेली नवी नवरी होती, मनगट पोळलेलं. तिला तिने माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं.

"बोल," ती म्हणाली. "साहेब लिखतीन."