दोन्ही कल्ले सारखे

न्हावीबुवांना गल्लीत कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे म्हणत 'कडाक'. केस कापून झाले की गिऱ्हाइकाची हनुवटी धरून ते मान अशी झटक्यात फिरवत की तसाच आवाज निघे. पैसे केसांचे, कडाक फुकट. वय छत्तीस, कानावर कायम एक सिगारेट, जिभेला हाड नाही.

त्यांच्या स्वतःच्या मानेची सेवा शेजारच्या खुर्चीवर काम करणारा मेहुणा करी. एकदा त्या सेवेनंतर मान ठणकायला लागली. यावर या हुशार माणसाने इलाज काय शोधावा? आणखी एक कडाक!

दुसऱ्या दिवशी दाढीला शिंपी बसला होता. अर्ध्या तोंडावर साबण.

"अरे कडाक, कल्ले खाली-वर झालेत."

कल्ल्यांत हा हात आजवर केसभरही चुकला नव्हता. त्यांनी दचकून आरशात पाहिलं. एक कल्ला खरंच खाली होता, आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडाचा उजवा कोपराही! "चहा घेऊन नीट करतो," म्हणायला गेले, तर शब्दांचा नुसता चिखल बाहेर पडला. उजव्या हातातला वस्तरा गळाला. शिंप्याने साबण न पुसताच त्यांना गाडीत कोंबलं आणि इस्पितळ गाठलं.

लगेच आणलं म्हणून औषध लागू पडलं. संध्याकाळपर्यंत जीभ परतली. हात मात्र रुसून बसला.

"डॉक्टर, पक्षाघात म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं ना?"

"तो वय विचारून येत नाही. तुमच्या मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली, तिथे गुठळी धरली, ती मेंदूत गेली. मान कोणी पिरगाळली?"

मेहुणा खाटेमागे लहान लहान होत गेला.

"सिगारेट?"

"क्वचित..."

"रोज एक पाकीट," बायको म्हणाली. "आणि रक्तदाब मोजा म्हटलं की, 'मला काय धाड भरलीये?' आता भरली ना धाड? बघा, आकडा केवढा आलाय!"

"म्हणजे नुसती मानच नव्हे, बाकीचीही तयारी होती," डॉक्टर म्हणाल्या.

कडाकरावांना विचारायचं होतं एकच. "कात्री धरता येईल ना?"

"सराव करा. बघू."

सरावाला डोकं कोण देणार? बायकोने दिलं. यापरतं शौर्य गल्लीत दुसरं घडलेलं नाही. कमरेएवढी वेणी मानेपर्यंत आली, तेव्हा कुठे हात वळणावर आला.

दुकानात पहिला मान शिंप्याचा. कडाकरावांच्या कानावर आता कंगवा होता. केस कापून झाले आणि सवयीने त्यांचे हात हनुवटीकडे गेले. शिंपी ताठ झाला. मेहुणा ओरडला, "दाजी!"

हात तिथेच थांबले. "घाबरू नकोस," ते म्हणाले. "मान राहू दे तुझी जागच्या जागी."

शिंप्याने गळ्यातली टेप काढली आणि आरशासमोर वाकून दोन्ही कल्ले मोजले. पुन्हा मोजले.

"सारखे आहेत," तो म्हणाला. "आता तू हस बघू. तेही मोजतो."