इंदूजिजीचा रकाना

दुपारी वीज गेली की आमच्या इंदूजिजीचे हात सुरू व्हायचे. खानदेशच्या सीमेपलीकडे, हिंदी मुलखातल्या लालबागमध्ये आमचं घर; त्याला लागूनच पॉवरलूमचा कारखाना आहे. त्याची खटखट इतकी अंगवळणी पडलेली की ती चालू असली की ऐकू येत नाही, थांबली की येते. आबांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, सगळं आयुष्य मागावर गेलं. लकव्यानं उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि त्यांच्या ओळखीची म्हणून उरली ती ही खटखट. ती बंद पडली की ते छताकडे डोळे फाडून बघायचे, डाव्या हातानं चादर ओढायचे. मग जिजी हातातलं काम टाकून खाटेशी यायची आणि पितळी तांब्याच्या बुडावर फणीनं ठोके द्यायची. खट-खटाक, खट-खटाक. वीज येईपर्यंत. कधी पंधरा मिनिटं, कधी दोन तास.

एकदा मी विचारलं, "जिजी, आबांना कळत नसेल का, हा तांब्या आहे म्हणून?"

ठोका न चुकवता ती म्हणाली, "कळते ना. पण कोणीतरी कारखाना चालू ठेवून राहिलं, हे बी कळते."

जिजी माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. धूलकोटजवळच्या एका गावात दिली होती. दोन वर्षांत नवरा गेला आणि ती परत आली. आली ती आईच्या आजारपणात अडकली, आईनंतर आबांच्या. मी सरकारी शाळेत शिक्षक. घरात कमावता मी, म्हणून घर माझं, आणि घराचा चांगुलपणाही माझाच, असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा. अकरा वर्षं आबा अंथरुणावर होते आणि त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर तपासून निघताना मला म्हणायचे, "गुरुजी, फार छान ठेवलंय तुम्ही वडिलांना." मी मान हलवायचो. जिजी तिथंच, हातात साबणाच्या पाण्याचं घमेलं घेऊन उभी असायची.

ती अंगानं किरकोळ होती. आबा मोठ्या हाडापेराचे. तरी दर दोन तासांनी त्यांना एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर ती एकटी वळवायची. एकदा मी मदतीला गेलो. दोन्ही हातांनी आबांचा दंड धरून ओढलं, तर ते कण्हले आणि मी घामाघूम झालो. जिजीनं मला बाजूला केलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली सरकवला, स्वतःचा गुडघा खाटेला टेकवला, आणि आबा अलगद वळले.

"माणूस जड नसते रे भाऊ," ती म्हणाली, "आपला हात चुकीच्या जागी असते."

हे वाक्य ती पुष्कळदा म्हणायची. सुनंदाला, माझ्या बायकोला, आबांना भरवायला शिकवताना म्हणाली. शेजारीण सासूबद्दल कुरकुर करायला आली, तेव्हा तिलाही हेच ऐकवलं. दुसरं एक वाक्य होतं, तेही तिचंच: "लाज आजाऱ्याले नसते, बघणाऱ्याले असते." आबांचं अंथरूण खराब झालं की मी नाकाला रुमाल लावून अंगणात जायचो, तेव्हा हे माझ्या पाठीवर यायचं. हसत म्हणायची. तिचं सगळं बोलणं हसतच असायचं, त्यामुळे लागलं तरी रागावता यायचं नाही.

अकरा वर्षांत ती एकदाच घराबाहेर राहायला निघाली. देडतलाईला चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. जाताना तिनं मला सगळं दोनदा समजावलं. औषध कधी, पाणी किती, कूस कशी बदलायची. "उद्या सांजेपर्यंत येते. निभावशील ना, मास्तर?" मी म्हणालो, "एक दिवसाचं काय एवढं!" दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मी तिला फोन केला. आबा खात नव्हते, ओले होते, आणि वीज गेली होती. तांब्या वाजवून पाहिला, तर ते माझ्याकडे पाहून रडायला लागले. जिजी मिळेल त्या बसनं परत आली. अक्षता पडल्या होत्या, पंगत बसायची होती. पिशवीत कोणीतरी बळेच कोंबलेले चार लाडू होते. दारातून आत येता येता म्हणाली, "चोवीस घंटे बी नाई निघाले का रे?" आणि पदर खोचून कामाला लागली. लाडू आम्ही खाल्ले.

आता ते सांगतो, जे आजवर कोणाला सांगितलं नाही.

सरकारनं एक योजना काढली. नाव लांबलचक होतं. लोकांनी तिची 'सेवावाली योजना' करून टाकली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरातलं जे कोणी बिनपगारी सांभाळतं, त्याच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला भत्ता. आधी वॉर्डावॉर्डात सर्वे व्हायचा होता आणि आमच्याकडे सर्वे म्हटला की मास्तर. लालबागचा आमचा भाग माझ्याकडेच आला.

फॉर्म हिंदीत होता. एका रकान्यात 'देखभाल करने वाले का नाम'. नाव एकाच माणसाचं हवं. दोन नावं किंवा 'सब मिलकर' लिहिलं तर अर्ज बाद, हे आम्हाला बजावून सांगितलं होतं. त्याच्या खाली दुसरा रकाना: घरातले बाकीचे सदस्य रोज किती घंटे देखभाल करतात, नावानिशी.

या दुसऱ्या रकान्यानं मी घराघरातल्या पुरुषांची गंमत पाहिली. केळीचा एक व्यापारी मला म्हणाला, "लिहा ना सर, दोन घंटे. आईजवळ बसतोच मी." आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "बसते ना! दोन घंटे मोबाईल बघत बसते. मोबाईलची देखभाल लिहा!" मी हसू दाबून शून्य लिहिलं. फार कडक होतो मी. त्या आठवड्यात कितीतरी मुलग्यांच्या नावापुढे मी शून्य लिहिलं, आणि प्रत्येक शून्याबरोबर मला माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं.

आमच्या घराचा नंबर आला त्या दिवशी जिजी दारातच उभी होती. "या गुरुजी, बसा. पाणी घ्या. आमच्या घरी बी आले का सर्वेवाले?" असं म्हणून तिनं खरंच पाटावर पेला ठेवला. मग आतून एक पाकीट आणलं. आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. फोटो नवा होता. तिनं सुनंदाची जांभळी साडी मागून घेऊन, चौकातल्या स्टुडिओत जाऊन काढून घेतला होता. जिजी स्टुडिओत गेली, हेच मला माहीत नव्हतं.

"हे झालं ना," ती म्हणाली, "तर पहिले चष्मा करीन. आबाचं औषध वाचताना अंदाजानंच वाचते मी. दरवेळी तुले मागायचं, तू नाई म्हणत नाई, पण मागायचं तर लागते ना."

खरं होतं ते. तिला चप्पल लागली तरी "भाऊ, जरा..." असं सुरू करावं लागायचं. ते 'जरा' ऐकलं की मी खिशात हात घालायचो. मला वाटायचं, मी किती समजूतदार आहे.

मी फॉर्म काढला. पहिल्या रकान्यात 'इंदुमती' लिहायला काही अडचण नव्हती. घरात सरकारी नोकर असला तरी चालत होतं, तसं स्पष्ट छापलेलं होतं. पण दुसऱ्या रकान्यात मला माझं नाव लिहायचं होतं आणि त्याच्यापुढे आकडा. तो फॉर्म आमचे हेडमास्तर तपासणार होते. ज्यांच्या घरी मी शून्य लिहून आलो, ते रोज रस्त्यात भेटणार होते. आणि मला देडतलाईचे लाडू आठवले.

मी पेनचं टोपण लावलं. म्हणालो, "आपलं नियमात बसत नाही जिजी. घरात सरकारी नोकर असला की मिळत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "असं का? मग राहू दे." पाकीट उचललं, पदरानं पुसलं. "फोटो मात्र झकास आला, बघ." मी पाहिल्यासारखं केलं.

नंतर शाळेत बसून मी आमच्या घराचा फॉर्म भरला. देखभाल करणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'परिवार के सभी सदस्य मिलकर'. अर्ज बाद होईल हे मला पक्कं ठाऊक होतं. सुनंदाला मी सांगितलं, "लोक म्हणतील, मास्तर बहिणीला बापाच्या सेवेचे पैसे घ्यायला लावतो. आपल्या घरात सेवा विकत नाहीत." तिला ते पटलं. आमच्यासारख्या घरांत असली वाक्यं लगेच पटतात. मलाही ते इतकं आवडलं की काही दिवसांनी तेच खरं कारण वाटायला लागलं.

काही महिन्यांनी मागच्या गल्लीतली रेखा पेढे घेऊन आली. ती सासूला सांभाळायची. तिचा नवरा रेल्वेत, म्हणजे सरकारी नोकरच. पहिला भत्ता जमा झाला होता. जिजीनं पेढा घेतला, चिमटीनं कुस्करून आबांच्या जिभेवर ठेवला, रेखाच्या डोक्यावरून हात फिरवला. मी समोर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. जिजी मला काही बोलेल म्हणून त्या दिवशी आणि पुढे कितीतरी दिवस मी तयारीत होतो. ती बोलली नाही. तिचा चष्मा मीच करून आणला. तिनं तो लावून आबांच्या औषधाची बाटली वाचली आणि म्हणाली, "अरे, हे तर जेवणाआधी द्यायचं होतं."

त्यानंतर दोन वर्षांनी आबा गेले. शांतपणे गेले, सकाळी, कारखाना चालू असताना. तेरावं झालं, खाट उचलून माळ्यावर टाकली. जिजी त्या रिकाम्या जागेभोवती वळसा घालूनच चालायची. महिन्याभरानं एक दिवस मला म्हणाली, "भाऊ, मी जळगावले जाते. एका म्हातारीले बघायला बाई पाहिजे. तिथंच राहायचं, पगार देतात."

मी म्हणालो, "या वयात? लोकांच्या घरी? तुला इथं काय कमी आहे?"

"कमी काई नाई," ती म्हणाली. "मले हेच काम येते ना रे."

मला राग आला होता. स्टेशनवर सोडायला गेलो, पण गाडी हलेपर्यंत थांबलो नाही.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी तिला आणायला गेलो. आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, त्यांना घ्यायला घरचा माणूस मुराळी म्हणून जातो. जिजीसाठी आबा मुराळी म्हणून एकदाच गेले होते. नंतर ती घरातच होती, घरातल्या माणसाला कोण आणायला जाणार? जळगावच्या त्या घराचं दार सुनेनं उघडलं आणि आत हाक मारली, "इंदूताई, तुमचे भाऊ आलेत." फ्रिजवर एक कागद चिकटवला होता: डॉक्टरांचा नंबर, औषधांच्या वेळा आणि सगळ्यात वर, 'देखभाल – इंदुमतीताई'.

जिजी बाहेर आली. गळ्यात तिला कामाला पाठवणाऱ्या सेवा केंद्राचं ओळखपत्र होतं. त्यावरचा फोटो मी ओळखला. जांभळी साडी. किंचित पुढे झुकून, आता कोणीतरी नाव विचारणार आहे, अशा आविर्भावात बसलेली. झकास आला होता. खरंच.

माझी नजर तिच्या ध्यानात आली. "हो, तोच," ती म्हणाली. "जुना झाला, पण त्यांनी चालवून घेतला."

"जिजी," मी म्हणालो, "तो नियम तसा नव्हता."

"माहीत हाये."

"रेखाचं कळल्यावर?"

"नाई रे. त्याच दिवशी. तू खोटं बोलला की पेनचं टोपण लावते. लहानपणापासून." ती हसली. मग हसू थांबलं. "मले वाटलं, तू फॉर्म परत आणशील. दोन वर्षं, भाऊ. तू शाळेतून आला की मी आधी तुझ्या थैलीकडे पाहायची."

खोलीतून म्हातारीची हाक आली. जिजी उठली. आखाजीचं विचारलं, तर म्हणाली, "आखाजीले नाई जमणार, ह्यांची सून माहेरी जाते. रविवारी येईन. रविवारी सुट्टी असते माझी."

रविवारी ती आली. चार तासांसाठी. सुनंदानं चांगल्या कपातून चहा दिला. जिजी पुढच्या खोलीत खुर्चीवर पाठ टेकून बसली, आणि मला कळलं की या घरात तिची पाठ कशाला टेकलेली मी कधी पाहिलीच नव्हती. मध्येच वीज गेली, कारखाना थांबला. जिजीचे हात मांडीवर स्वस्थ होते.

या वर्षी पुन्हा सर्वे निघाला. आमचा भाग मी मागून घेतला. यानं काही फिटत नाही, हे मला कळतं. दारातले पुरुष अजूनही तेच म्हणतात, "लिहा ना सर, आम्ही सगळे मिळूनच बघतो."

मी लिहीत नाही. टोपण काढलेलं पेन हातात धरून आतल्या दाराकडे बघत थांबतो. आतून कोणीतरी ओले हात पुसत बाहेर येईपर्यंत.