गावितचे बारा खड्डे

नोकरीची शेवटची तीन वर्षे मी झाडे लावणाऱ्या पलटणीत सुभेदार होतो. इंदिरानगरातले शेजारी चेष्टेने विचारतात, तिथे शत्रू कोण होता? मी सांगायचो, उजाड डोंगर. आता तसे सांगताना जीभ अडखळते.

एप्रिलमध्ये आम्ही नाशिकच्या पश्चिमेला एका पठारावर खड्डे घेत होतो. सहाला फॉल-इन, साडेसहाला दोरी. दोरी ताणायची, दर दोन पावलांवर एक खड्डा, परेडसारखी सरळ लाईन. तिसऱ्या दिवशी नाईक गावित एक छोटा कंद घेऊन आला. तो पेठकडचा, मोजके बोलणारा.

"साहेब, इथं खड्डं नको. ही खरपुडी हाय. आमच्याकडं पहिलं लय व्हती, आता दिसत नाय."

"मला तर इथं काहीच दिसत नाही."

"पावसात वर येती. आता झोपलीय."

"झोपू दे. लाईन पूर्ण कर."

"जी, साहेब."

संध्याकाळी त्याने रिपोर्ट दिला: साठ खड्डे, काम पूर्ण. मी न बघता सही केली. गावित खोटे बोलत नसे.

मे महिन्यात दुपारी अडीचला वणवा लागला. पठार जाळून तो खालच्या पाड्याकडे निघाला, आणि गावितची तुकडी विझवायला पुढे गेली. तीन-दहाला वायरलेस सेटवर गावितचा आवाज आला.

"वारा फिरला. पोरांना मागं पाठवलं. पाड्यात एक म्हातारी राहिलीय, तिला काढतो. ओव्हर."

"गावित, परत फीर. ओव्हर."

तो परत फिरला नाही. म्हातारीला त्याने ओढ्यात उतरवले. तो स्वतः काठावरच आगीत गेला.

जुलैत आम्ही रोपे लावायला गेलो. गावितच्या लाईनीत अठ्ठेचाळीसच खड्डे निघाले, मधली जागा कोरी. मला राग आला, गेलेल्या माणसाचा. खोटा रिपोर्ट म्हणजे गुन्हा. "खणा," मी म्हणालो. त्याच्या सेक्शनची पोरे कुदळी घेऊन नुसती उभी राहिली. तिथल्या जळक्या मातीतून बोटभर कोंब वर आले होते. मी हुकूम मागे घेतला. का, ते मला तेव्हा कळले नाही.

ऑगस्टमध्ये त्या कोंबांना बारीक कंदिलासारखी फुले आली. मी कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना बोलावले. त्या चिखलात गुडघे टेकून बसल्या.

"सुभेदारसाहेब, खरपुडीचे प्रकार पुष्कळ आहेत. हा मात्र फक्त आपल्या नाशिकच्या डोंगरांवर उगवतो. इथून गेला की जगातून गेला."

"आमची झाडं मोठी झाली असती तर?"

"याला उघडं गवत लागतं. सावलीत तो टिकत नाही."

खणलेल्या अठ्ठेचाळीस खड्ड्यांच्या आसपास एकही फूल नव्हते. तीन वर्षे मी डोंगर वाचवत होतो की मोडत होतो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. लाज मात्र वाटते.

ड्रिलमध्ये माणूस कमी पडला की रांगेत त्याची जागा मोकळी ठेवतात. तिला ब्लँक फाईल म्हणतात. दर ऑगस्टमध्ये मी त्या मोकळ्या जागेसमोर सावधान उभा राहतो आणि त्याचा रिपोर्ट मोठ्याने म्हणतो.

नाईक गावित, पेठ. साठ खड्डे. काम पूर्ण.