‘येते’ म्हणून गेलेली मेधा

शनिवारी सकाळी व्हर्जिनियातल्या हर्नडन गावात मेधाच्या दारात मी मोटरसायकल लावली, तेव्हा तिची आई हातात दह्याची वाटी घेऊनच उभी होती. काकू सहा महिन्यांसाठी पुण्याहून इथे अमेरिकेत आल्या आहेत. त्यांनी आमच्या तळहातावर दही ठेवलं, दोन्ही गाड्यांकडे नापसंतीने एकदा बघितलं, आणि मी “चला काकू, जातो आम्ही” म्हणताच मला अडवलं.

“जातो म्हणू नये गं. येतो म्हणावं.”

पन्नाशीला टेकलेल्या आम्ही दोघी बायका निमूटपणे “येतो” म्हणालो. मग काकूंनी माझं मनगट धरलं. “हिला नीट आण,” एवढंच म्हणाल्या.

“मी आहे ना काकू!” मी म्हटलं. बोलायला माझं काय जात होतं? मी बारा वर्षं गाडी चालवते आहे. मेधाचं लायसन्स मात्र जेमतेम चार महिन्यांचं. तिचा नवरा विनय म्हणत होता, वर्षभर हात बसू दे, मग जा डोंगरात. मी ते हसण्यावारी नेलं होतं. सहल माझ्या हट्टाची, तेव्हा जबाबदारीही माझीच होती.

महामार्ग सोडून आम्ही पश्चिमेला लागलो. घोड्यांचे फार्म, पांढरी लाकडी कुंपणं, रचलेल्या दगडांचे बुटके बांध. ऑक्टोबरमुळे झाडं लालपिवळी झाली होती आणि हवेत छान गारवा होता. मेधा पंचेचाळीस मैलांच्या वर काटा जाऊच देत नव्हती. आमच्यामागे पिकअप ट्रकांची ही रांग! पहिल्याच थांब्यावर मी तिला सांगून टाकलं, “हे बघ, तुझं आवरलं की माझी वाट न बघता हळूहळू निघत जा. मी गाठते तुला.” हेल्मेटमधून बोलायचं यंत्र होतं आमच्याकडे, पण बाईसाहेबांनी तिचं चार्जच केलं नव्हतं.

शेनंडोआच्या खोऱ्यात रस्त्याकडेच्या टपरीवर ॲपल बटर (सफरचंदाचा आटवलेला गर, लोणी नव्हे) आणि बिस्किटं (इथे बिस्किट म्हणजे मऊ, खारट पाव) खाल्ली. मेधाने जॅकेटच्या खिशातून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली. टपरीवरच्या म्हाताऱ्याला चव दिली, तर तो डोळ्यांतलं पाणी पुसत आणखी मागायला लागला.

दुपारी वेस्ट व्हर्जिनियात शिरलो. इथे डोंगरातल्या चिंचोळ्या दरीला हॉलर म्हणतात. प्रत्येक हॉलरमध्ये एक ओढा, दोन घरं आणि एक चर्च. फोनची रेंज गेली ती गेलीच. एका ओढ्यावर जुना, छप्पर असलेला लाकडी पूल लागला. मेधा फोटोसाठी थांबू या म्हणून खुणा करत होती. ढग दाटले होते, म्हणून मी नकारार्थी मान हलवून गाडी पुढे काढली.

दोन-तीन मैलांवर एक पेट्रोल पंप आणि त्याला लागून छोटं दुकान होतं. तिथे पोचल्यावर, पुलापाशी थांबलो नाही म्हणून मेधा चिडली. परत येताना काढू, असं सांगून मी आत कॉफी घ्यायला गेले. डार्लीन नावाची साठीची बाई दुकान सांभाळत होती. मी साखर ढवळत होते, तेवढ्यात मेधाने दारातून डोकं आत घातलं.

“येते गं.”

“हं, ये,” मी वळूनही न बघता म्हटलं.

बाहेर आले तर तिची गाडी नव्हती. गेली शेवटी पुलाकडे! हट्टी म्हणजे किती हट्टी. येईल म्हणून मी कॉफी पीत बसले. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. पावसाची एक सर येऊन गेली. मग मात्र मी गाडी काढली आणि पुलाकडे निघाले.

पुलावर चिटपाखरू नव्हतं. पलीकडच्या वळणावर ओल्या पानांतून एक लांबलचक ओरखडा थेट कडेपर्यंत गेला होता. हेल्मेट काढून मी खाली ओढ्यात बघितलं, मेधा, मेधा म्हणून हाका मारल्या. खाली नुसतं पाणी वाहत होतं. काकूंनी धरलेलं मनगट मला जाणवायला लागलं. त्यांना काय सांगणार होते मी?

तशीच दुकानात परतले. मेधा पुलापाशी नाही म्हणताच डार्लीनने काउंटरवरचा फोन माझ्यापुढे सरकवला. आधी शेरीफ (इथला पोलीसप्रमुख), मग घरचे, असं सांगून तिने नंबरही लिहून दिला. घाईत दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. आणि तेवढ्यात गाडीचा आवाज आला. पुलाकडून नाही, उलट्या बाजूने.

मेधा होती. धडधाकट. मी फोन टाकून धावले. तिने हेल्मेट काढलं, तर तिचेही डोळे लाल. “कुठे मेली होतीस?” म्हणाली आणि माझ्या गळ्यातच पडली. पाच मैल पुढे, फाट्यावर ती वीस मिनिटं माझी वाट बघत उभी होती. मीच पडले असं वाटून प्रत्येक खड्ड्यात डोकावत परत आली होती.

जीव भांड्यात पडला आणि मग भांडण सुरू झालं.

“येते म्हणालीस ना? मग यायचं होतंस!”

“येते म्हणजे निघते! सकाळी तूच म्हणालीस ना, वाट न बघता निघत जा? आणि वर तू मला ‘ये’ म्हणालीस!”

म्हणाले होते खरी. डार्लीन दारात उभी राहून ऐकत होती. मेधाने तिला इंग्रजीत समजावलं की आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. डार्लीनने जरा विचार केला आणि गंभीरपणे विचारलं, “मग तुम्ही लोक निघता तरी कसे?”

तिथेच पायरीवर बसून आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. हसता हसता मी रडलेही.

रात्र एका लाकडी केबिनमध्ये काढली. रविवारी परतताना पुलावर थांबून मेधाने मनसोक्त फोटो काढले. मीही दोन-चार काढले. तो ओरखडा कशाचा, तेही कळलं. समोरच्या शेतातला ट्रॅक्टर लाकडं ओढत तिथूनच खाली उतरत होता.

संध्याकाळी हर्नडनला पोचलो. काकूंनी गरम खिचडी वाढली, वर तूप. विनयने कशी झाली सहल विचारलं, तर मेधा म्हणाली, मस्त. मी मान खाली घालून पापड मोडत राहिले. जेवण झाल्यावर हेल्मेट उचललं आणि अगदी ठरवून, स्पष्ट शब्दांत म्हणाले, “काकू, जाते मी.”

“परत तेच! किती वेळा सांगायचं गं तुला?”

“राहू दे आई,” मेधा आतून ओरडली. “तिला जाते म्हणू दे. कळतं तरी!”

काकूंना त्यातलं काहीच समजलं नाही. इतकी वर्षं लोकांच्या दारांतून निघताना मी येते म्हणत आले, ते सवयीने. ते ऐकून मागे राहणाऱ्याला कसं वाटतं, हे मला त्या पुलावर कळलं होतं. काकूंनी पुन्हा माझं मनगट धरलं. “नीट आणलीस हो तिला,” म्हणाल्या.

“येते काकू,” मी म्हटलं.

“ये,” त्या म्हणाल्या, पण मनगट काही लगेच सोडलं नाही.