हिरव्या बटणावरचा चिमटा

माझ्या धाकट्या जावेला घरात कोणी नावाने हाक मारत नाही. ती मिली. मिलीमीटरमधली मिली. पडद्याचं माप द्यायला माणसं हात पसरून दाखवतात, ही बाई शिंप्याकडे मिलीमीटरमध्ये लिहून घेऊन गेली. शिंप्याने हळूच मला विचारलं, "यांचं सगळं ठीक आहे ना?" मी घरी येऊन ते सांगितलं आणि तेव्हापासून ती मिली झाली ती झालीच.

तळमजल्यावरच्या ज्या खोलीत आधी माझ्या दिराची मोटारसायकल उभी असायची, तिथे आता मिलीचं मशीन आहे. सीएनसी मिलिंग मशीन म्हणतात त्याला, संगणकाच्या हुकमाने धातू कापतं. नाव मोठं, पण असतं धुण्याच्या मशीनएवढंच. दीर जहाजावर नोकरीला. त्याच्या संमतीने मोटारसायकल विकून हिने हे जुनं धूड घरात आणलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. बाईसाहेब पूर्वी नावाच्या पाट्या कोरणाऱ्या दुकानात संगणकावर बसायच्या, तेवढंच काय ते शिक्षण. पण बसली मांडी ठोकून. आता शिवणयंत्राचे झिजलेले भाग, कॅमेरा बसवायच्या धातूच्या पट्ट्या, दाराच्या मुठी, काय वाट्टेल ते करून देते. आधी संगणकावर आकार काढते, मग टूलने, म्हणजे कापणाऱ्या दांडीने, कुठून कुठे, किती खोल, किती वेगाने जायचं ते ओळीओळीने तयार करते आणि त्या ओळी पुटपुटत तपासते. मी निघालेल्या तुकड्यांच्या धारा कानशीने घासते. धातूचा कीस माझ्या केसांत, चादरीत, कुठे म्हणून नसतो! एकदा उशीत निघाला तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं.

"मशीन आंधळं असतं, ताई," ती मला सांगते. धातूचा ठोकळा कुठे आहे हे त्याला कळत नाही. टूलचं टोक ठोकळ्याला टेकवून सांगावं लागतं, बाबा रे, हा इथे तुझा झिरो. टूल बदललं की लांबी बदलते, म्हणजे झिरो पुन्हा घ्यायचा. नाही घेतला तर लांब टूल सरळ धातूत घुसतं. म्हणून मिलीची एक पद्धत आहे. टूल काढलं रे काढलं की ती धुण्याचा निळा चिमटा हिरव्या बटणाला लावते. चिमटा आहे तोवर मशीन चालू करायचं नाही. नवा झिरो घेतला की तीच तो काढते, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मला हे माहीत. आमच्या ह्यांना माहीत नव्हतं, कारण त्या खोलीत ते फिरकतच नसत.

आमचे हे पाण्याच्या टाकीवर कामाला आहेत. डावा पाय गुडघ्याखाली नाही, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नकली पायावर टाकीचा जिना चढतात, पाणी बघतात, उतरतात. कधी कोणाला बोलायला जागा ठेवली नाही. तर नेमका त्या पायाच्या घोट्यातला जोड तडकला. त्यात नवा साहेब आला, त्याने फर्मान काढलं की सगळ्यांनी डॉक्टरसमोर जिना चढून दाखवायचा. ह्यांनी एकदा मुदत मागून घेतली. दुसऱ्यांदा मिळाली नाही. उद्या सकाळी चढून दाखवा, नाहीतर कायमचे घरी बसा. वरून "आराम करा" म्हणाला मेला! ह्यांना घरी बसायचं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत हा माणूस चार वेळा चपला सरळ करतो.

नकली पाय बनवणारा, आम्ही त्याला पायवालाच म्हणतो, तो म्हणाला की हा जोड आता कोणी बनवत नाही. त्याच्याकडे तसल्या कडक ॲल्युमिनियमचा एकच ठोकळा पडलेला होता, तो त्याने दिला. "संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत आणा, मी तपासून बसवतो. हा बिघडला तर दुसरा माझ्याकडे नाही."

मिलीने तडकलेला जोड मापला, आकार काढला. दुपारी ठोकळा मशीनच्या शिकंज्यात आवळला. जाड टूलने वरची बाजू सपाट करून घेतली. मग जाड टूल काढलं, बारीक लांब टूल लावलं, चिमटा लावला. तेवढ्यात बाहेरून हाक आली, पायवाल्याचा फोन. ती बाहेर गेली.

नकली पाय पायवाल्याच्या दुकानात होता, म्हणून हे कुबड्यांवर खोलीत आले. त्यांना राहवत नव्हतं. पँटचा मोकळा पाय जमिनीवरच्या तेलात आणि किसात लोळत होता. मी दारातूनच ओरडले, "अहो, ती पँट वर घ्या! बाहेर जायची एकच धड आहे!" एवढं बोलून मी चहाकडे पळाले.

मिली परत आली. बटणाकडे बघितलं. चिमटा नाही. म्हणजे आपण झिरो घेतलाय, असं तिने घाईत धरून घेतलं. डोक्यात पायवाल्याचं बोलणं, दुकान तो लवकर बंद करणार होता. तिने हिरवं बटण दाबलं.

तो आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. रोजची घरघर मला झोपेतही ओळखू येते. ही किंकाळी होती. मग खाडकन काहीतरी तुटलं आणि शांतता. मी धावले तेव्हा मिलीचा तळवा मशीन बंद करायच्या लाल बटणावर होता आणि चेहरा पांढराफटक. टूलचं टोक तुटून कपाटाखाली उडालं होतं. ठोकळ्याच्या ऐन मध्यावर बोटाचं टोक बसेल एवढा खड्डा.

"चिमटा नव्हता," ती म्हणाली. "ताई, चिमटा नव्हता."

आम्ही दोघींनी एकदमच बघितलं. ह्यांच्या पँटचा पाय छान घडी घालून वर घेतला होता आणि त्याला निळा चिमटा लावला होता.

मी ह्यांच्यावर अशी काही खेकसले की शेजारची खिडकी उघडली. नको नको ते बोलले. ह्यांना काय झालंय ते मिलीने सांगितलं तेव्हा समजलं. ते स्टुलावर बसले. "लोक आपल्या पायावर धोंडा मारून घेतात," ते म्हणाले, "मी तर नसलेल्या पायावर मारला." मला एकदम आठवलं, पँट वर घ्या म्हणून मीच कोकलले होते.

"चूक माझी आहे, भाऊजी," मिली म्हणाली. "मी चिमटा बघितला, टूल बघितलं नाही." आणि ती संगणकासमोर जाऊन बसली. तडकलेला जोड हातात फिरवत राहिली. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती म्हणाली, "ताई, जोडाला मधे खाच आहे ना, तिथला धातू तसाही कापूनच काढायचा आहे. अख्खा आकार सरकवला तर खड्डा खाचेत जाईल."

"मग सरकव की!"

"या काठाला एकच मिलीमीटर धातू उरतोय."

"एक म्हणजे पुरेल ना?"

"ठोकळा सरळ आवळला गेला असेल तर पुरेल." आयुष्यात पहिल्यांदा मला मिलीमीटरची चेष्टा सुचली नाही.

तिने सगळ्या ओळी नव्याने काढल्या, ओठ हलवत वाचल्या. तसलं आणखी एकच टूल होतं, ते लावलं. ह्यांच्याकडे हात पुढे केला. ह्यांनी पँटचा चिमटा काढून दिला, तिने तो बटणाला लावला. मग कागदाची पट्टी ठोकळ्यावर ठेवून मला म्हणाली, "हलवत राहा, टूल टेकलं की अडकेल, तेव्हा सांग." टूल केसाकेसाने खाली येत होतं. मी कागद मागेपुढे करत होते, बोटं घामाने ओली. "अडकला!" मी ओरडले. तिने झिरो घेतला, चिमटा काढला आणि ह्यांच्या हातात दिला. "भाऊजी, हा तुम्ही धरा. बाकी काही करू नका."

हिरवं बटण. लाल बटणावर तिचा दुसरा हात. टूल खाली आलं, टेकलं, आणि रोजची घरघर सुरू झाली. टूल फेऱ्या मारत त्या अरुंद काठाशी आलं. आवाज जरासा बारीक झाला. मिलीचा हात बटणावर ताठ झाला. टूल कोपरा वळून पुढे गेलं. खाच शेवटी कापली गेली आणि खड्डा किसाबरोबर निघून गेला.

मी धारा घासल्या, एवढ्या काळजीने बाळाची नखंही कापली नसतील. पायवाल्याने दुकान आमच्यासाठी उघडं ठेवलं. जोड भिंगाखाली धरला, आवळला, वर उभा राहून दाबून बघितला, मग बसवला. "चालून बघा." हे चालले. पण टाकीचा जिना म्हणजे दुकानातली फरशी नव्हे.

सकाळी हे निघाले. मी बळेच कुबड्या काखेत दिल्या. "असू द्यात, लागल्या तर?" त्यांनी घेतल्या.

मिली मशीनजवळ जाऊन बसली. शिवणयंत्राचं काम तयार होतं, टूल लावलेलं, झिरो घेतलेला. तरी हिरव्या बटणावर चिमटा होता.

"चालू कर ना गं. नुसती बसून काय होणार?"

"भाऊजी येऊ देत."

मीही कानस घेऊन बसले. घासायला काहीच नव्हतं. दरवेळी फाटक वाजलं की मी कान टवकारायचे. मी कुबड्यांच्या आवाजाची वाट बघत होते. तो वाईट दिवसाचा आवाज मला पाठ आहे, आधी ठक, मग पाय ओढल्याचा.

फाटक वाजलं. पायऱ्यांवर नुसती पावलं वाजली, एकामागून एक. हे दारात उभे. घामाने डबडबलेले, हात रिकामे.

"कुबड्या कुठायत?" मी किंचाळलेच.

"अरेच्चा," हे म्हणाले, "त्या टाकीच्या जिन्याखालीच राहिल्या की!"

मिली उठून उभी राहिली. हे सरळ मशीनपाशी गेले, बटणाजवळ हात नेला आणि थांबले. शाळेत मास्तरांना विचारतात तसं तिला विचारलं, "काढू का?"

तिने मान हलवली. ह्यांनी चिमटा काढून तिच्या हातात ठेवला. तिने आधी टूलकडे नीट बघितलं, मग हिरवं बटण दाबलं. मशीनची घरघर सुरू झाली आणि त्या आवाजात मला मनसोक्त रडून घेता आलं.